सुट्या भागांचा खण

व्यापारी माणसाला मालाचा भाव विचारला तर तो क्षणाचाही विलंब न लावता सांगतो. परंतु एखाद्या वस्तूचा बोटभर भाग मोडल्यावर उरलेल्या वस्तूचे मोल किती, हा प्रश्न त्याला सहसा कोणी विचारत नाही. बाजाराचे आजचे उत्तर सरळ आहे : मोल शून्य, नवीन घ्या. आमचे दुकान लोखंडी सामानाचे, सांगलीच्या गणपती पेठेतले. वडिलांनी सुरू केलेल्या या दुकानात नट, बोल्ट, स्क्रू, वॉशर, बिजागरी आणि साखळ्या यांची सुटी विक्री आजवर चालत आली. त्यामुळे बाजाराचे हे उत्तर माझ्या कानांना नेहमीच खटकत आले आहे. गेल्या दोन वर्षांत तो प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला. त्याला निमित्त झाले सायकलच्या पिशवीचे, म्हणून प्रथम त्या पिशवीविषयी.

सायकलच्या मागील कॅरिअरच्या दोन्ही अंगांना अडकवायच्या पिशव्यांना पॅनियर म्हणतात. शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘भाकरीची टोपली’ या अर्थाच्या शब्दात आहे. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. बैलाच्या पाठीवरील गोण्या, घोड्याच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी खुर्जी आणि वाटसरूच्या खांद्यावरील पडशी ही सर्व एकाच कुळातली. ओझे दोन भागांत वाटावे, दोन्ही अंगांना सारखे ठेवावे आणि शक्य तितके खाली आणावे, हा त्यामागील हिशेब. बैल गेला आणि सायकल आली, तरी हिशेब तोच राहिला. बदलले ते अडकवण्याचे साधन. पाठीवरची गोणी दोरखंडाने आवळली जाई. पॅनियर दोन-तीन लहान प्लॅस्टिकच्या हुकांवर लोंबते.

माझ्या धाकट्या कन्येला सायकलप्रवासाचा छंद आहे. महाविद्यालयातील अध्यापन सांभाळून ती सुटीत दूरवर जाते. एकदा ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आंबा घाटातून कोकणात उतरत होत्या. उतारावर रस्त्यातील खड्ड्याचा धक्का बसला, तिच्या उजव्या पिशवीचा वरचा एक हूक तुटला आणि पिशवीचे एक टोक चाकाच्या आऱ्यांकडे झुकले. ती सावकाश उतरत असल्याने सायकल जागीच थांबली. वेग अधिक असता तर पिशवीचा पट्टा आऱ्यांत गुंतून काय झाले असते, हे सायकल चालवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. तिने पिशवी दोरीने कॅरिअरला बांधली आणि प्रवास पुरा केला. परत आल्यावर तिने विक्रेत्याकडे हूक मागितला, तेव्हा उत्तर मिळाले, ‘हूक सुटा येत नाही. जोडी नवीन घ्या.’ पिशवीचे कापड, शिवण, बकले, सारे शाबूत होते. चार बोटांच्या हुकासाठी काही हजार रुपयांची जोडी टाकून द्यायची होती.

ती तुटका हूक घेऊन दुकानात आली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, ‘आण्णा, हा का तुटला ते आधी सांगा. जोडायचं कसं ते नंतर बघू.’

प्रश्नाचा हा क्रम मला फार आवडला. दुरुस्तीचा पहिला नियमच तो आहे. आम्ही व्हर्निअर घेऊन कॅरिअरची नळी मोजली. ती 10 मिलिमीटर भरली. हुकाचे तोंड मात्र 16 मिलिमीटरच्या नळीसाठी घडवलेले. कॅरिअरच्या नळ्या सर्वत्र एकसारख्या नसतात. 8, 10 आणि 12 मिलिमीटरच्या नळ्या नित्याच्या, तर बॅटरीच्या सायकलींवर 16 मिलिमीटरच्याही आढळतात. म्हणून चांगले उत्पादक मोठ्या तोंडाचा हूक करतात आणि त्यासोबत निरनिराळ्या जाडीचे प्लॅस्टिकचे अस्तर देतात. नळी बारीक असेल तर योग्य अस्तर हुकात बसवायचे. या पिशवीसोबत असे अस्तर मिळालेच नव्हते. परिणामी प्रत्येक खड्ड्याला हूक नळीवर उडत होता आणि आपटत होता. त्या आघाताने प्रथम रिबिट सैल झाले, मग रिबिटाच्या छिद्राच्या काठाला चीर गेली, आणि शेवटी एका मोठ्या धक्क्याला हूक गेला. म्हणजे तुटण्याचे कारण ओझे नव्हते. कारण होते ती 6 मिलिमीटरची मोकळीक.

कारण कळल्यावर उपाय खणांतून निघू लागले. 16 वजा 10, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर भरायचे. तीन मिलिमीटर जाडीच्या रबरी नळीचा तुकडा लांबीत चिरून कॅरिअरच्या दांड्यावर हुकाच्या जागी चढवला आणि मोकळीक संपली. रिबिट ड्रिलने उडवले. 4.8 मिलिमीटरच्या पॉप रिबिटाच्या जागी 5 मिलिमीटरचा, म्हणजे एम-5 मापाचा बोल्ट जवळजवळ नेमका बसतो. आतील बाजूस मोठ्या घेराचा वॉशर टाकला, जेणेकरून ओढ एका बिंदूवर न येता पाठीच्या पत्र्यावर पसरावी. त्याच्याखाली पाणी अडवण्यासाठी रबराचा वॉशर आणि शेवटी नायलॉक नट. या नटाच्या आत नायलॉनचे कडे असते, त्यामुळे तो कंपनाने सुटत नाही. जेथे बोल्टचे टोक आतील कपड्यांना बोचले असते, तेथे आम्ही वेगळाच इलाज केला. सुट्या पानांच्या खतावणीच्या बाइंडरमध्ये पाने धरून ठेवणारा जोडस्क्रू वाचकांपैकी ज्येष्ठांना आठवत असेल : एक नळीसारखा, दुसरा त्यात फिरणारा, दोन्ही बाजूंनी सपाट डोके. तोच स्क्रू येथे उत्तम चालतो. ज्याने आमच्या पिढीचे हिशेब एकत्र धरले, त्याने पिशवीही धरली.

उरला प्रश्न हुकाचा. 20 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमची पट्टी आम्ही शेगड्यात धरून वाकवली. अॅल्युमिनियम काटकोनात एकदम मोडले तर वाकणावर चिरते, म्हणून ते गोल गजाभोवती हळूहळू वळवावे लागते. असा हूक कॅरिअरवर बसतो खरा. परंतु खड्ड्याला वर उडू नये यासाठी त्याला वेगळे बंधन लागते. ते नवारीच्या पट्ट्याने आणि बकलाने दिले. पिशवीत आठ किलो तांदूळ भरून कन्या हरिपूरच्या रस्त्याने संगमापर्यंत जाऊन आली. पिशवी हलली नाही. सामानाचा एकूण खर्च दीडशे रुपयांच्या आत राहिला.

ही झाली दुरुस्ती. सुधारणा पुढच्या दिवाळीत झाली. माझा भाचा जर्मनीत नोकरीला आहे. त्याने येताना सोलिंगेन येथील रिक्सेन अँड काउल या कंपनीची हुकांची पट्टी आणली. चाकू-कात्रींसाठी जगभर नाव असलेले हे गाव. ही कंपनी ‘क्लिकफिक्स’ या नावाने सायकलच्या पिशव्या अडकवण्याची साधने करते आणि ती साधने सुटीही मिळतात, म्हणजे पिशवी कोणाचीही असली तरी चालते. हूक पट्टीवर पुढेमागे सरकवता येतात, त्यामुळे पायडल मारताना टाच पिशवीला लागत नाही. खालच्या बाजूस आणखी एक आकडा असतो. तो कॅरिअरच्या उभ्या दांड्याला धरतो आणि वळणावर पिशवी बाहेर फेकली जाऊ देत नाही. पाठीच्या पत्र्यात चार छिद्रे पाडली, चार एम-5 बोल्ट कसले आणि जुनी पिशवी मूळच्यापेक्षा चांगली झाली.

भाच्याशी बोलताना तेथील आणखी काही गोष्टी कळल्या, आणि पुढे मी स्वतःही वाचल्या. जर्मनीतच बव्हेरियात हाइल्सब्रोन येथे ओर्टलीब ही पॅनियरची कंपनी आहे. हार्टमुट ओर्टलीब यांना पावसातल्या सायकलप्रवासात ट्रकवरची ताडपत्री पाहून जलरोधक पिशवीची कल्पना सुचली आणि 1982 मध्ये त्यांनी व्यवसाय सुरू केला. आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर पसरलेली ताडपत्री आपण रोज पाहतो. त्याच जातीच्या कापडाने, सुईच्या छिद्रांऐवजी उष्णतेने सांधे जोडून, एक जागतिक व्यवसाय उभा राहिला. मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते असे की या कंपनीच्या पिशव्यांचे हूक, पट्टी, अस्तर, बकल, खांद्याचा पट्टा, कापडाचे ठिगळ हे सारे सुटे विकत मिळते आणि दुरुस्तीची सोयही आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या नेल्सन या कापडगिरण्यांच्या गावात विल्फ कॅराडाइस यांनी 1932 मध्ये सायकलच्या पिशव्या शिवण्यास आरंभ केला. तेथील पिशवीवर ती शिवणाऱ्या कारागिराची स्वाक्षरी असते, आणि जुनी पिशवी दुरुस्तीसाठी परत पाठवता येते. त्या सुती पिशव्यांचे पट्टे परंपरेने चामड्याचे असतात. ते ज्या घरांत चालत नाहीत, तेथे त्यांच्या जागी त्याच रुंदीची सुती किंवा नायलॉनची नवार आणि बकल लावता येते. सुटे भाग बदलता येण्याचा हाही एक लाभ : वस्तू आपल्या विवेकाप्रमाणे घडवून घेता येते.

ज्यांना अशी दुरुस्ती घरी करायची असेल त्यांच्यासाठी दुकानदार म्हणून तीन-चार गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिली, मापाची. आपल्या बाजारात अजूनही सूत चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड सुताचा बोल्ट 4.76 मिलिमीटर भरतो आणि डोळ्याला एम-5 सारखाच दिसतो. तो एम-5 च्या आट्यांत एक-दोन फेरे जातो आणि मग अडतो, कारण त्याच्या दोन आट्यांतील अंतर एक मिलिमीटरहून अधिक, तर एम-5 चे 0.8 मिलिमीटर. तेथे जोर लावला की सायकलच्या फ्रेममधील आटे कायमचे जातात. कॅरिअरचे बोल्ट बहुधा एम-5 असतात, क्वचित एम-6. जुना बोल्ट नमुना म्हणून सोबत आणावा आणि नवा बोल्ट प्रथम बोटांनीच फिरवून पाहावा.

दुसरी, धातूची. साधे लोखंड पावसात गंजते हे सर्वांना ठाऊक आहे. स्टीलमध्येही भेद आहे. 304 प्रकारचे स्टेनलेस देशावर पुरते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत मॉलिब्डेनम असलेले 316 अधिक टिकते. अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टेनलेस बोल्ट कसताना आट्यांना थोडे ग्रीस लावावे. अन्यथा ओलाव्यात दोन धातूंच्या संयोगाने अॅल्युमिनियम खराब होते आणि बोल्ट जाम होतो. तिसरी, बकलाची. शिवलेले बकल तुटले तर पट्टा उसवण्याची गरज नाही. आडव्या दांड्याला फट असलेले बकल मिळते. त्या फटीतून पट्टा सरकवला की काम झाले. पट्ट्याची रुंदी तेवढी मोजून आणावी. चौथी, चिकटवण्याची. ताडपत्रीच्या पिशवीला छिद्र पडले तर नळाच्या पाइपचे सोल्युशन वापरू नये. ते सुकून कडक होते आणि घडीवर तडकते. लवचिक राहणारा व्हिनाइलचा गोंद आणि त्याच कापडाचे ठिगळ हवे. आणि प्रत्येक मोठ्या प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी सर्व बोल्ट एकदा तपासावेत. नवा सांधा पहिल्या शंभर किलोमीटरांत थोडा बसतो.

आता घरातील प्रश्नाकडे वळतो. थोरल्या बंधूंचा मुलगा पाच वर्षांपासून दुकान पाहतो. हिशेबाला तीक्ष्ण, वागण्यात नम्र. त्याच दिवाळीत त्याने माझ्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाला, ‘काका, सुटी विक्री बंद करू या. फक्त पेटीबंद माल आणि ठेकेदारांच्या ऑर्डरी.’ कागदावरील आकडे खोटे नव्हते. दुकानाची एक तृतीयांश जागा सुट्या खणांनी अडवली आहे आणि त्यांतून उलाढालीचा फार लहान भाग येतो. बारा रुपयांच्या गिऱ्हाइकाला पंधरा मिनिटे लागतात. काही खणांतील माल दहा वर्षे हललेला नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात याच खणांतील लोखंडी माल गंजून मातीमोल झाला, हेही त्याने नोंदवले होते. खणांची माहिती असलेले आमचे जुने सहकारी साठीला टेकले आहेत. अंधारात बोटाने आटे चाचपून माप सांगणारा तो माणूस निवृत्त झाल्यावर ते खण कोण उघडणार, हा पुतण्याचा सर्वांत अवघड प्रश्न होता.

बंधू काही बोलले नाहीत. त्यांचे मौन मला अधिक जड वाटले, कारण ते खण वडिलांनी स्वतः बसवून घेतले होते आणि त्यांवरील मोडी-बाळबोध चिठ्ठ्या आजही आहेत. परंतु वडिलांची आठवण हा व्यापारातील युक्तिवाद होऊ शकत नाही, हेही खरे. आठवणीने भाडे भागत नाही. म्हणून मी उत्तर आकड्यांतच शोधले. दोन महिने आम्ही एक वही ठेवली : सुटा भाग घेण्यास आलेला प्रत्येक गिऱ्हाईक आणखी काय घेऊन गेला आणि पुन्हा आला का. वहीने दोन्ही पक्षांना काही दिले. बारा रुपयांचा बोल्ट नेणाऱ्यांपैकी अनेक जण फॅब्रिकेटर, रंगारी, शेतकरी होते, आणि त्यांची मोठी खरेदीही आमच्याकडेच होती. बोल्ट मिळाला नसता तर ती दुसऱ्या दारी गेली असती. त्याचबरोबर निम्म्याहून अधिक खणांना त्या काळात हातही लागला नव्हता. पुतण्याचे म्हणणे त्या खणांपुरते पूर्ण बरोबर होते.

वही पाहून कन्या पुतण्याला म्हणाली, ‘दादा, तू ज्याला अडकलेला माल म्हणतोस, त्यासाठी माझ्यासारखी माणसं पुण्या-मुंबईपर्यंत फिरतात. माल अडकलेला नाही. तो कुठे आहे हे कोणाला माहीत नाही, एवढंच.’ त्यावर पुतण्या हसला आणि त्याने कागद परत घेतला.

शेवटी ठरले ते असे. न हललेला माल मोडीत काढला. उरलेल्या खणांना क्रमांक दिले, मापे मिलिमीटर आणि सूत दोन्हींत लिहिली आणि यादी फोनवर पाहता येईल अशी केली. जुने सहकारी दिवसातील एक तास एका तरुण मुलाला माप ओळखण्यास शिकवतात. त्या तासाचा वेगळा पगार पुतण्याने आपणहून सुरू केला. सायकल आणि पिशव्यांच्या भागांसाठी एक नवा खण झाला : एम-5 व एम-6 चे स्टेनलेस बोल्ट, नायलॉक नट, मोठे वॉशर, जोडस्क्रू, फटीची बकले, नवार, रबरी नळी. वर्षभराने पाडव्याला वही पुन्हा उघडायची आणि जो खण स्वतःचे भाडे देणार नाही तो बंद करायचा, ही अट मी मान्य केली आहे. नवा खण ती अट पुरी करेल की नाही, हे आज सांगता येत नाही. गिऱ्हाइके येऊ लागली आहेत, इतकेच.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची प्रारंभीची क्षेत्रे होती. सायकलच्या पिशवीचा हूक अशा यादीत कदाचित कधीच येणार नाही. परंतु कायदा येण्यापूर्वीही व्यापारी बरेच काही करू शकतो. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबे बॅगा, भांडी, खेळणी, मिक्सर, शिलाई यंत्रे यांच्या व्यापारात आहेत. माल मागवताना उत्पादकाला एक प्रश्न विचारावा : याचा कोणता भाग आधी मोडतो, आणि तो सुटा मिळेल काय? होकार देणाऱ्याचा माल रुपया-दोन रुपये महाग असला तरी घ्यावा, आणि शंभर नगांमागे पाच-दहा सुटे भाग सोबत मागवावेत. गिऱ्हाइकाला विकताना बिलावर त्या भागाचे माप लिहून द्यावे. शाईची एक ओळ लागते. वस्तू मोडल्यावर ते बिल हाती घेऊन येणारा माणूस भाव करत नाही. तो विश्वासाने येतो, आणि तसाच दुसऱ्यालाही पाठवतो.